युद्ध, लढाई, संग्राम, झुंज, रण : समानार्थी म्हणून एका ओळीत लिहायचे का?

शब्दशोध :

नमस्कार मंडळी. सहावी-सातवीच्या मुलांसाठी समानार्थी शब्दांची छोटी पुस्तिका तयार करायची आहे. बाजारातल्या बहुतेक मार्गदर्शकांत एकच ओळ सापडते: युद्ध = लढाई, संग्राम, समर, रण, झुंज, संगर, विग्रह, जंग. मुले ती पाठ करतात आणि निबंधात कुठलाही शब्द कुठेही ठेवून देतात. 'कोंबड्यांचा संग्राम', 'दोन देशांत रण सुरू झाले', 'क्रिकेटचे युद्ध भारताने जिंकले' अशी वाक्ये मग वहीत येतात. कानाला खटकतात, पण का चूक ते मुलाला सांगायला नेमके कारण हवे.

विचारायचे ते असे. हे शब्द एकमेकांच्या जागी कुठवर चालतात? पानिपतची 'लढाई' की पानिपतचे 'युद्ध'? दोन्ही छापलेले दिसते. मराठवाड्याचा 'मुक्तिसंग्राम' का, 'मुक्तियुद्ध' का नाही? 'युद्ध' बरोबर की 'युध्द'? आणि बातम्यांतल्या 'युद्धबंदी'चा अर्थ काय लावायचा? नियमासह सांगितलेत तर पुस्तिकेत तसे घालता येईल.

कोशवाचक :

आधी मूळ शब्द पाहू, बाकीचे त्यावरून उलगडत जाते.

'युध्' म्हणजे लढणे. या धातूला 'त' हा भूतकाळवाचक प्रत्यय लागून 'युद्ध' झाला. याच धातूचे घराणे मराठीत मोठे आहे आणि मुलांना ते दाखवायलाच हवे. योद्धा म्हणजे लढणारा. आयुध म्हणजे लढण्याचे साधन; भंडारा, वरणगाव इथल्या कारखान्यांच्या फलकावरचे 'आयुध निर्माणी' तेच. युयुत्सु म्हणजे लढण्याची इच्छा असलेला, गीतेच्या पहिल्या श्लोकात 'युयुत्सवः' आहे तो. युधिष्ठिर म्हणजे 'युधि', युद्धात, स्थिर राहणारा. दुर्योधन म्हणजे ज्याच्याशी लढणे अवघड असा. अयोध्या म्हणजे जिच्याशी लढताच येत नाही अशी नगरी. एक धातू फळ्यावर लिहा आणि ही नावे भोवती लिहा, शब्द मुलांच्या डोक्यातून जाणार नाही.

पण या घराण्यातला सर्वांत जवळचा मराठी शब्द कुणी त्यात मोजतच नाही. तो 'झुंज'. तोही 'युध्'पासूनच आला आहे. संस्कृतात 'युध्यते' असे रूप होते. प्राकृतात शब्दाच्या आरंभीच्या 'य'चा 'ज' होतो, म्हणून यात्रा-जत्रा. 'ध्य'चा 'ज्झ' होतो. त्यातूनच संध्येची सांज, वंध्येची वांझ, मध्यगृहाचे माजघर झाले. त्याच वाटेने युध्यते, जुज्झइ आणि पुढे झुंजणे. म्हणजे 'युद्ध' आणि 'झुंज' ही एकाच आईची दोन लेकरे. एक संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले, दुसरे लोकांच्या तोंडून फिरत फिरत आलेले.

म्हणूनच दोघांची कामे वाटली गेली. 'युद्ध' राज्यांचे, देशांचे, सैन्यांचे. 'झुंज' समोरासमोरची, अंगाला अंग भिडलेली: बैलांची झुंज, कोंबड्यांची झुंज, मूठभर शिबंदीने बलाढ्य फौजेला दिलेली झुंज. आजारी माणूस मृत्यूशी 'झुंज' देतो, 'युद्ध' करत नाही. 'झुंज'मध्ये दोन गोष्टी गृहीत असतात: अंतर उरलेले नाही, आणि एक बाजू बहुधा कमजोर असूनही हटत नाही. 'दोन देशांत झुंज सुरू झाली' खटकते ते यामुळेच. 'सीमेवरच्या चौकीतल्या बारा जवानांनी रात्रभर झुंज दिली' मात्र अगदी बरोबर. क्रियापदही लक्षात घ्या. युद्ध 'करतात', 'पुकारतात', 'छेडतात'. ते 'पेटते', 'भडकते', 'जुंपते'. झुंज 'देतात'.

आता ती मार्गदर्शकातली ओळ. तिचा उगम अमरकोश या जुन्या संस्कृत समानार्थी-कोशाच्या परंपरेत आहे. अमरकोशाच्या दुसऱ्या कांडात क्षत्रियवर्गात युद्धाची तीसहून थोडी अधिक नावे सलग दिली आहेत: युद्ध, आयोधन, जन्य, प्रधन, मृध, संख्य, समर, रण, कलह, विग्रह, संयुग, संग्राम, आहव, समिति, आजि वगैरे. तो पद्यकोश आहे. कवीला वृत्तात बसणारा शब्द पटकन सापडावा आणि विद्यार्थ्याला पाठ व्हावे, ही त्याची गरज. 'कुठे कोणता वापरावा' हा त्या यादीचा विषयच नाही. तिथली यादी मराठी निबंधाच्या वहीत आणली की घोटाळा ठरलेला.

त्या यादीतले कितीतरी शब्द मराठीत आले ते अर्थ बदलून. 'समिति' तिथे युद्ध आहे, आपल्याकडे शाळा व्यवस्थापन समिती. 'कलह' घरातल्या भांडणावर आला: गृहकलह. 'विग्रह' म्हणजे वेगळे धरणे. कौटिल्याच्या परराष्ट्रधोरणाच्या सहा गुणांत संधीच्या विरुद्ध विग्रह येतो, तिथे त्याचा अर्थ वैर, युद्ध. मराठीत आज विग्रह म्हटले की समासाचा विग्रह, नाहीतर देवाची मूर्ती. 'विग्रह'ला सातवीच्या पुस्तिकेत युद्धाचा समानार्थी म्हणून जागा देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. 'संगर' कवितेपुरता ठेवा, शब्दकोड्यात उपयोगी पडतो.

एक गोष्ट मात्र त्या यादीत फार सुंदर दिसते. संग्राम, समर, समिति, संयुग या सगळ्यांच्या आरंभी 'सम्' आहे, म्हणजे एकत्र येणे. समर म्हणजे सामोरे येऊन भेटणे. संग्राममधल्या 'ग्राम'चा अर्थ गाव नव्हे, समूह, जमाव. युद्ध हे मुळात दोन जमावांचे एका जागी येणे, अशी ती जुनी नजर आहे. 'संग्राम' शब्दात आजही लोकांचा तो जमाव ऐकू येतो. तुमच्या मुक्तिसंग्रामाचे उत्तर तिथेच आहे, पण ते इतिहासवाले जास्त चांगले सांगतील.

बखरीतली पाने :

पानिपतपासून सुरुवात करतो, कारण सगळा गोंधळ तिथूनच होतो.

मराठीत नीट लिहायचे तर 'युद्ध' मोठे आणि 'लढाई' त्याच्या पोटातली. युद्ध महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे चालते. त्यात मोहिमा असतात, वेढे असतात, लढाया असतात, मधे वाटाघाटी होतात, शेवटी तह. लढाई एका जागी, एका दिवसात, फार तर काही दिवसांत निकाली निघते. म्हणून लढाईला गावाचे नाव मिळते आणि युद्धाला लढणाऱ्या पक्षांचे: पालखेडची लढाई, खर्ड्याची लढाई, प्लासीची लढाई, पण इंग्रज-मराठा युद्ध, भारत-पाकिस्तान युद्ध. नाव गावाचे असेल तर लढाई आणि नाव पक्षांचे असेल तर युद्ध, ही खूण मुलांना दिली तर बहुतेक जागी ती चालते.

एकच उदाहरण पूर्ण घ्या: १८०३ ते १८०५चे दुसरे इंग्रज-मराठा युद्ध. ऑगस्ट १८०३मध्ये इंग्रजांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई झाली. २९ नोव्हेंबरला वऱ्हाडात अडगावची लढाई. डिसेंबरात गाविलगडाला वेढा पडला, तोफांनी तटाला खिंडार पाडले आणि गड हल्ला करून घेतला. त्याच महिन्यात भोसल्यांशी देवगावचा आणि शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. उत्तरेत होळकरांशी युद्ध चालूच राहिले. १८०५च्या आरंभी भरतपूरचा वेढा इंग्रजांना मानवला नाही, आणि शेवटी त्याच वर्षाच्या डिसेंबरात होळकरांशीही तह झाला. आता 'असईचे युद्ध' म्हणून पाहा. वाचणाऱ्याला वाटेल की सगळे प्रकरण असईला सुरू होऊन असईलाच संपले.

पानिपतही याच मापाने मोजा. १४ जानेवारी १७६१ला जे झाले ती लढाई. सदाशिवरावभाऊ मार्च १७६०मध्ये दख्खनेतून निघाले तेव्हापासूनचे सगळे, दिल्ली, कुंजपुरा, पानिपतावर रसद तुटून अडकून पडणे, ही पानिपतची मोहीम. १५२६ आणि १५५६ याही एकेका दिवसाच्या लढाया. तरीही 'पानिपतचे तिसरे युद्ध' हा प्रयोग पाठ्यपुस्तकांतून इतका रुळला आहे की त्याला चूक म्हणून लाल रेघ मारणे अन्यायाचे होईल. पुस्तिकेत 'पानिपतची तिसरी लढाई' लिहा आणि कंसात 'युद्ध असेही म्हणतात' एवढी नोंद ठेवा.

बाकीचे शब्द आकाराने उतरत जातात आणि प्रत्येकाला स्वतःचे काम आहे. 'मोहीम' मूळ अरबी, महत्त्वाचे काम या अर्थाची: ठरावीक हेतूने आखलेली लांब लष्करी कारवाई. चिमाजी अप्पांची १७३७ ते १७३९ची वसईची मोहीम हे चोख उदाहरण, कारण तिच्यात साष्टी, ठाणे, माहीम, तारापूर अशा किती जागा येतात. आजची लसीकरण मोहीम, स्वच्छता मोहीम याच अर्थाने. 'स्वारी' म्हणजे दुसऱ्याच्या मुलखावर चालून जाणे. 'छापा' अवचित. 'चकमक' म्हणजे दोन तुकड्यांची थोडा वेळ चाललेली गाठ; ठिणगी पाडणारा गारगोटीचा दगड तोही चकमक, आणि अर्थही ठिणगीएवढाच. चकमकीत हजारो माणसे मारली गेली असे लिहू नये. हजारो पडली तर ती चकमक राहत नाही. 'हातघाई' म्हणजे तोफा-बंदुका बाजूला पडून तलवारी, भाले, हात यांवर आलेली लढाई.

'मोर्चा' हा शब्द मुलांना जरूर दाखवा. वेढ्यात तोफा आणि माणसे दबा धरून बसवायची आड केलेली जागा म्हणजे मोर्चा. वसईच्या किंवा जंजिऱ्याच्या वर्णनात 'मोर्चे लावले' येते ते हे. आज मोर्चा रस्त्यावरून चालतो, पण 'मोर्चेबांधणी' आणि 'मोर्चा वळवला' यांत जुना अर्थ जिवंत आहे.

मुक्तिसंग्रामाचे आता. 'युद्ध' म्हटले की दोन्हीकडे राज्य आणि सैन्य असल्याची अपेक्षा असते. 'संग्राम' म्हटले की लोक असतात: सत्याग्रही, भूमिगत कार्यकर्ते, तुरुंगात गेलेले, सीमेवरच्या शिबिरातून लढणारे. हैदराबाद संस्थानात रझाकारांविरुद्ध जे झाले त्यात हे सगळे होते, शेवटी भारतीय सैन्य आले आणि १७ सप्टेंबर १९४८ला निजामाने शरणागती पत्करली. म्हणून मराठवाडा मुक्तिसंग्राम. गोव्याचेही तसेच, तिथला शेवट १९ डिसेंबर १९६१चा. 'मुक्तियुद्ध' हा शब्दही चुकीचा नाही. १९७१च्या बांगलादेशासाठी तो मराठीत चालतो, कारण तिथले लोकच 'मुक्तियुद्ध' म्हणतात.

आणि १८५७. बंड, उठाव, स्वातंत्र्यसमर, तिन्ही शब्द छापील मराठीत आहेत, आणि तिन्ही समानार्थी मुळीच नाहीत. 'शिपायांचे बंड' म्हणणारा राज्यकर्त्याच्या बाजूने पाहतो, 'स्वातंत्र्यसमर' म्हणणारा लढणाऱ्याच्या बाजूने, 'उठाव' म्हणणारा शक्यतो मधे उभा राहतो. शब्द निवडताना बाजू निवडली जाते, हे सातवीच्या मुलाला कळते. त्याच्यापासून लपवू नका.

मुद्रितशोधन :

शुद्धलेखनाचे सांगतो.

बरोबर 'युद्ध'. आधी द्, मग ध. टंकताना य, उकार, द, हलन्त, ध या क्रमाने. 'युध्द' मध्ये ध् आधी आणि द नंतर पडतो, तो चूक. चूक होते ती डोळ्यामुळे: जोडाक्षर 'द्ध' छापले की मोठा द वर दिसतो आणि ध त्याच्या पोटाखाली लटकतो, त्यामुळे कोण आधी ते कळत नाही. शंका आली की अक्षरे सुटी करून लिहा: युद् + ध. उच्चारातही जीभ आधी द्‌वर अडकते, श्वासाचा जोर नंतर ध ला मिळतो.

नियम हवा असेल तर तोही आहे. युध् + त अशी फोड. संस्कृतात ध् पुढे आलेल्या त चा ध होतो, मग दोन ध शेजारी येतात आणि पहिल्याचा द होतो. म्हणून द्ध. शुद्ध, बुद्ध, सिद्ध, प्रसिद्ध, क्रुद्ध, विरुद्ध, वृद्ध, समृद्ध, श्रद्धा, पद्धत, योद्धा सगळीकडे द्ध. यादीतला एक शब्द बरोबर आला की बाकीचे येतात. 'उद्ध्वस्त'मध्ये उद् + ध्वस्त आहे, तिथे द् गाळून 'उध्वस्त' लिहिण्याची चूक वर्तमानपत्रांतही राहते.

पण 'महाप्राण (ख, ठ, ध अशा श्वासाच्या जोराचे) अक्षर जोडाक्षरात कधीच पहिले येत नाही' असा सरसकट नियम मुलांना देऊ नका. सख्खा, चिठ्ठी, लठ्ठ, मठ्ठा हे मराठी शब्द आपण तसेच लिहितो. नियम संस्कृतातून जसाच्या तसा आलेल्या शब्दांपुरता.

'योद्धा'चे अनेकवचन योद्धे, सामान्यरूप योद्ध्या- : योद्ध्याने, योद्ध्यांना. 'युद्धात' आणि 'युद्धांत' यांत फरक अनुस्वाराचा: एका युद्धात, तीन युद्धांत.

'मुक्तिसंग्राम'मध्ये ति ऱ्हस्व. सुटा शब्द 'मुक्ती' दीर्घ, पण समासात पहिले पद झाला की मूळचा ऱ्हस्व परत येतो. तसेच रणनीती पण रणनीतिकार, भूमी पण भूमिगत. 'वाक्‌युद्ध' ऐवजी वाग्युद्ध. य पुढे आला की क् चा ग् होतो. 'युद्धोत्तर' म्हणजे युद्धानंतरचे, 'युद्धपूर्व' आधीचे, 'युद्धकालीन' चालू असतानाचे.

आता 'युद्धबंदी'. हे खरोखर दोन वेगळे शब्द आहेत आणि लिखाण एकच. युद्ध + बंदी, थांबवणे या अर्थाची बंदी: ती युद्धबंदी, स्त्रीलिंगी. 'मध्यरात्रीपासून युद्धबंदी लागू झाली.' आणि युद्ध + बंदी, म्हणजे कैदी: तो युद्धबंदी, पुल्लिंगी. 'युद्धबंदी मायदेशी परतले.' क्रियापद पाहिल्याशिवाय अर्थ लागत नाही, आणि मथळ्यात क्रियापदच नसते. 'युद्धबंदीचा प्रश्न चिघळला' या मथळ्याचे दोन्ही अर्थ पूर्ण शक्य आहेत. उपाय सोपा: कैद्यांसाठी नेहमी 'युद्धकैदी' लिहा. १९७१मध्ये सुमारे ९३ हजार पाकिस्तानी युद्धकैदी भारताच्या ताब्यात आले. थांबण्यासाठी 'युद्धबंदी' राहू द्या किंवा 'शस्त्रसंधी' लिहा.

शस्त्रसंधी आणि तह यांत मात्र गल्लत नको. शस्त्रसंधी म्हणजे गोळीबार थांबला, वाद तसाच. तह म्हणजे अटी ठरल्या, युद्ध संपले: पुरंदरचा तह १६६५, सालबाईचा तह १७८२. आजकालच्या राष्ट्रांच्या बाबतीत 'तह' मागे पडून 'करार' आला आहे, म्हणून सिमला करार १९७२.

शेवटचा, पण माझ्या दृष्टीने सर्वांत त्रासदायक शब्द 'युद्धजन्य'. 'जन्य' म्हणजे जन्मलेले. युद्धजन्य परिस्थिती म्हणजे युद्धामुळे उद्भवलेली: टंचाई, निर्वासित, महागाई. सीमेवर तणाव आहे, गोळी अजून सुटलेली नाही, अशा वेळी 'युद्धजन्य परिस्थिती' लिहितात ते चूक. तिथे 'युद्धसदृश परिस्थिती' किंवा सरळ 'युद्धाचे सावट'.

शब्दशोध :

मनापासून आभार. एवढे तपशील मिळतील असे वाटले नव्हते.

अजून दोन अडचणी. 'लढाई', 'लढा', 'लढत' ही तिन्ही 'लढणे'वरूनच आहेत, मग क्रिकेटला 'लढत', कामगारांचा 'लढा' आणि सैन्याची 'लढाई' हे वाटप कशावर ठरले? आणि 'यादवी' हा शब्द यादीत घालावा का? 'गृहयुद्ध' सोपे वाटते.

कोशवाचक :

तिन्हींचे लिंग एक नाही, आणि रूपेही वेगळी. तिथूनच सुरुवात करा. ती लढाई, लढाया, लढाईत. तो लढा, लढे, लढ्यात. ती लढत, लढती, लढतीत. 'लढ्याईत' किंवा 'लढाच्या मैदानात' असे काहीतरी मुले लिहितात ते रूपे मिसळल्यामुळे.

अर्थाचे वाटप वापरातून झाले आहे. लढाईला सुरुवात आणि शेवट असतो, हत्यार असते. लढा दीर्घकाळ चालतो, एखाद्या मागणीसाठी असतो आणि हत्यार नसले तरी चालते: गिरणी कामगारांचा लढा, पाण्यासाठीचा लढा, संयुक्त महाराष्ट्राचा लढा. लढत म्हणजे नियमांच्या चौकटीतली चुरस, निकाल ठरलेल्या वेळेला लागणार: अंतिम लढत, तिरंगी लढत. कुस्तीत 'लढत' म्हणतात, आणि 'कुस्त्यांची दंगल' हाही जुना प्रयोग आहे. पण आजच्या मराठीत नुसते दंगल म्हटले की लोकांना जाळपोळ आठवते. हिंदीतली दंगल आखाड्यातच आहे.

'यादवी' जरूर घाला. द्वारकेचे यादव आपसात लढून संपले, त्या कथेवरून आलेला हा शब्द आहे आणि नात्यातल्यांनीच एकमेकांना संपवण्याची वेदना त्यात आहे. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५च्या युद्धाला मराठीत 'अमेरिकेतील यादवी युद्ध' म्हणतात. 'गृहयुद्ध' हिंदीच्या वाटेने येऊन आता मराठीतही कळते, पण घरचा इतका नेमका शब्द असताना तो सोडू नये. त्याच्याच शेजारी 'भाऊबंदकी' ठेवा: तिथे शस्त्र नसते, बांध, वाटणी आणि कोर्टकचेरी असते.

तसेच 'विश्वयुद्ध' नको, 'महायुद्ध'. पहिले महायुद्ध १९१४ ते १९१८, दुसरे १९३९ ते १९४५. आणि 'जंग' मराठीत युद्ध म्हणून एकटा वावरत नाही. तो 'जंगी'मध्ये उरला आहे, जंगी सभा, जंगी स्वागत. आणि 'जंग जंग पछाडले'मध्ये. 'जंग सुरू झाली' हे हिंदी वाक्य झाले.

अमरकोशातला एक शब्द मात्र मराठीने रूप बदलून फार प्रेमाने जपला आहे. गर्दीच्या, गदारोळाच्या युद्धाला तिथे 'तुमुल' म्हटले आहे. आपले 'तुंबळ युद्ध' ते हेच.

मांडवीकाठ :

'झुंज'बद्दल गोव्याकडून भर घालतो. कोकणीत युद्धाला रोजच्या भाषेत 'झूज' म्हणतात. देशादेशांतले युद्धही झूजच. म्हणजे 'युध्'पासून लोकांच्या तोंडून आलेला शब्द मराठीत बैल-कोंबड्यांपर्यंत आणि निकराच्या सामन्यापर्यंत आखडला, आणि शेजारच्या कोकणीत सगळ्या सैन्यांचा भार त्यानेच उचलला. बैलांच्या झुंजीला मात्र गोव्यात वेगळाच शब्द आहे, 'धिरयो'. सिंधुदुर्गातल्या मुलांना हे सांगितले तर लगेच पटेल, त्यांच्या कानावर दोन्ही भाषा असतात.

'रण'बद्दल कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो. मराठीत 'रण' सुटा फार कमी येतो, समासात भरभरून येतो: रणांगण, रणशिंग, रणनीती, रणकंदन, रणरागिणी, रणगाडा, आणि निवडणुकीची रणधुमाळी. अर्थ बहुतेक ठिकाणी 'लढण्याची जागा' किंवा 'प्रत्यक्ष लढण्याचा क्षण' असा. म्हणून 'रणात उतरला', 'रणात पडला' चालते, 'रण सुरू झाले' चालत नाही. तुमच्या 'दोन देशांत रण सुरू झाले' या वाक्यातली खटक तीच.

कच्छचे रण वेगळे. ते 'इरिण' म्हणजे खारट, नापीक जमीन या संस्कृत शब्दावरून आलेले आहे. काही मार्गदर्शकांत 'रण = युद्ध, वाळवंट' असे एकाच शब्दाचे दोन अर्थ म्हणून देतात. ते दोन निरनिराळे शब्द आहेत, मराठीत योगायोगाने सारखे दिसतात. 'रणरणते ऊन' तर तिसरेच, ते कानाला जाणवणाऱ्या झणझणीवरून.

बखरीतली पाने :

मांडवीकाठ, इरिणचा मुद्दा चांगला आणलात. 'रणछोड'मधला रण मात्र युद्धाचाच, तिथे कच्छ आणू नये.

शब्दशोध, 'सशस्त्र संघर्ष' हा शब्दही आता बातम्यांत रोज असतो, त्याला पुस्तिकेत दोन ओळी द्या. संघर्ष म्हणजे मुळात घासणे. १९४९च्या जिनिव्हा करारांनी 'युद्ध' या शब्दावर अडून न बसता 'सशस्त्र संघर्ष' धरला, कारण पूर्वी राष्ट्रे 'आम्ही युद्ध पुकारलेलेच नाही' म्हणून जखमींना आणि कैद्यांना संरक्षण नाकारू शकत होती. त्या करारांत जाहीर केलेले युद्ध तर येतेच, पण एखाद्या पक्षाने युद्धस्थिती मान्य केली नाही तरी प्रत्यक्ष सशस्त्र संघर्ष असेल तर नियम लागू होतात. देशांतर्गत संघर्षासाठीही किमान नियम आहेत. म्हणजे इथे शब्दाच्या निवडीवर माणसांचे जीव अवलंबून आहेत. कायद्याचे लिखाण असेल तर सशस्त्र संघर्ष, इतिहासाचे असेल तर युद्ध. मे ते जुलै १९९९च्या कारगिलला दोन्ही शब्द लागतात, आणि दोन्ही लिहिणारे चुकत नाहीत.

शब्दशोध :

सगळ्यांचे ऐकून नोंद अशी केली आहे. पाहून सांगा.

"युद्ध (नपुंसकलिंग): दोन राज्यांतील किंवा देशांतील दीर्घकाळ चालणारी सशस्त्र लढाई. लढाई (स्त्री.): युद्धातील एका ठिकाणची गाठ, खर्ड्याची लढाई, १७९५. झुंज (स्त्री.): समोरासमोर, निकराने. संग्राम (पु.): लोकांचा मोठा लढा, मराठवाडा मुक्तीसंग्राम. समर (नपुं.): काव्यात व समासात, समरांगण. रण (नपुं.): लढण्याची जागा, बहुधा समासात. यादवी (स्त्री.): एकाच देशातील लोकांचे आपसातील युद्ध. विग्रह, संगर, जंग: काढले."

मुद्रितशोधन :

दोन दुरुस्त्या. 'युद्ध'च्या व्याख्येत 'लढाई' आणू नका, पुढच्याच ओळीत तिला युद्धाचा भाग म्हटले आहे. तिथे 'सशस्त्र संघर्ष' घाला. आणि 'मुक्तीसंग्राम'मधला ती ऱ्हस्व करा: मुक्तिसंग्राम. बाकी छापायला हरकत नाही. 'संगर' मात्र काढण्याऐवजी 'काव्यात' अशा खुणेसह ठेवा, आठवीच्या कवितेत तो भेटला तर मुलाने कुठे पाहायचे?